अडीच किलोंची गर्दी

वसतिगृह, खोली चौदा
४ जुलै

मामाला वाकून नमस्कार. मामींना त्याहून थोडं जास्त वाकून, कारण पाकीट त्याच फोडणार.

परवा फोनवर तू विचारलंस, "कसं चाललंय?" मी म्हणाले, "छान." तू म्हणालास, "हे 'छान' फार लवकर आलं. पत्र लिही. कागदावर थापा मारायला वेळ लागतो." तर लिहिते.

छान अजिबात चाललेलं नाही. आमच्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना एक संशोधन प्रकल्प करता येतो. प्रस्ताव द्यायचा, निवडला गेला तर काही महिने काम करायचं आणि फेब्रुवारीतल्या परिषदेत मोठमोठ्या डॉक्टरांसमोर मांडायचं. अट एकच. कुणीतरी प्राध्यापकाने गाइड व्हायला हवं, म्हणजे प्रस्तावावर सही करायची आणि वाट दाखवायची. शेवटची तारीख तीस सप्टेंबर. चौथ्या वर्षी अर्ज करता येत नाही. हुकलं ते हुकलं.

मी तेवीस प्राध्यापकांना ईमेल केल्या. एकवीस जणांनी उत्तरच दिलं नाही. बाविसाव्यांनी लिहिलं, "पाहिलं." काय पाहिलं, देव जाणे. तेविसाव्यांनी गुणपत्रक मागवलं. पहिल्या वर्षी मी एका विषयात आपटले होते, ते त्यात ठळक दिसतंच. त्यानंतर तिकडेही शांतता. प्रत्यक्ष भेटले त्या एका सरांनी मला बसवून घेतलं, आपल्या भाषणाची चाळीस पानं टाइप करून घेतली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

मला हे एवढं का हवंय? वॉर्डात काहीही विचारलं की उत्तर मिळतं, "असंच करतात." मामा, मला एकदा तरी एखाद्या 'का'च्या शेवटापर्यंत जाऊन बघायचंय. एकटीला वाट सापडत नाही.

तुझं मापटं

ता. क. लहानपणी तुझ्या दुकानातल्या मोठ्या काट्यात बसून झोपायचे, म्हणून पडलेलं हे नाव आता एकविसाव्या वर्षी बदलायला हरकत नाही.

*

दुकान, दुपारी गिऱ्हाईक नसताना
१२ जुलै

मापटं, (हरकत आहे.)

तेवीस जणांना एकच मजकूर पाठवलास ना? पाठवलासच. "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे." अगं, तुझी इच्छा घेऊन ते काय करणार? घरी त्यांना त्यांच्या मुलांच्या इच्छा आहेत की.

मी धंदा सुरू केला तेव्हा माझ्याकडे एक पिशवी, दोन पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर. सहा महिने दुकानोदुकान हिंडलो. "काटा दुरुस्त करायचाय का?" "नाही." "काही काम?" "नाही." नाही ऐकून ऐकून मी दारातूनच मान हलवायला लागलो होतो. मग एके दिवशी एका धान्याच्या दुकानात नुसता उभा राहिलो. तीन गिऱ्हाइकं होईपर्यंत बघत होतो. मग म्हणालो, "शेठ, तुमचा काटा किलोमागे चाळीस ग्रॅम जास्त धान्य सोडतोय." मामी विचारते, मग काय झालं? पन्नास वेळा ऐकलंय तिने, तरी विचारते. मग काय, त्यांनी मला खुर्ची दिली.

जागा मागायला जाऊ नकोस. त्यांच्या घरात जे बिघडलंय आणि त्यांना दिसत नाही, ते घेऊन जा. त्यासाठी आधी बघ. तुला बघता येतं. काट्यात बसून तू काही नुसती झोपत नव्हतीस.

आमचा एक गिऱ्हाईक डॉक्टर आहे, तुमच्या कॉलेजात त्याची ओळख आहे. शब्द टाकू का?

मामा

*

वसतिगृह
२ ऑगस्ट

मामा,

शब्द टाकू नकोस. टाकलास तर मी वर्षभर बोलणार नाही. फार तर महिनाभर.

पण तुझं बघण्याचं ऐकलं. सध्या आमची पाळी प्रसूती विभागात आहे. तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं वजन एका जाडजूड वहीत लिहितात. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर त्याला दोन दिवस जास्त ठेवून घेतात, दूध नीट ओढतंय का, अंग गार पडत नाही ना, हे बघतात आणि आठवड्याने परत बोलावतात. अडीच किंवा वर असेल तर घरी. म्हणजे त्या एका आकड्यावर बाळाचा मुक्काम ठरतो.

मी सहा महिन्यांची वही उतरवून काढली. एक हजार एकशे बेचाळीस बाळं. आणि मामा, त्यातली एकशे त्रेसष्ट बाळं बरोब्बर अडीच किलोंची! एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही. दोन किलो चारशेच्या पुढे आणि अडीचच्या आत किती? नऊ. बाळं काय अशी ठरवून जन्माला येतात? आणखी गंमत म्हणजे अशीच गर्दी सव्वादोनवर, पावणेतीनवर आणि तीनवर आहे. मधल्या जागा ओसाड.

काटा जुना आहे, दांडीचा, सरकत्या वजनाचा. त्यावर देखभाल करणाऱ्याची चिठ्ठी चिकटवलेली आहे. ती वाचून मला हसू आवरेना. तुझे माजी भागीदार!

मापटं

*

दुकान
५ ऑगस्ट, पत्र मिळाल्या मिळाल्या

मापटं, शाब्बास, शाब्बास, शाब्बास!

वंगण्या! त्या तुझ्या रुग्णालयाचा काटा वंगण्याकडे आहे? मग प्रश्नच मिटला. या माणसाबरोबर मी सात वर्षं भागीदारी केली. काटा कुरकुरला की ओत वंगण, अडला की ओत वंगण. साफ करायचं नाव नाही. मी म्हणायचो, अरे, ही शिवणयंत्रं नाहीत. तेव्हा तो म्हणायचा, तुला हेवा वाटतो.

ऐक. दांडीच्या काट्याला पाव-पाव किलोवर खाचा असतात. त्या खाचांत वंगण साचतं, त्यावर धूळ बसते, चिकटा होतो. सरकतं वजन खाचेजवळ आलं की घसरून आत बसतं आणि तिथेच राहतं. बाळ दोन चारशे साठचं असो की दोन पाचशे तीसचं, काटा म्हणणार अडीच. तुझी गर्दी ही त्या खाचांतली गर्दी आहे. मी इथे बसून डोळे मिटून सांगतो.

उद्याच्या बसने माझी प्रमाण वजनं पाठवतोय. पितळी आहेत, मखमली पेटीत. हाताने धरू नकोस, चिमट्याने धर. आणि पत्र लिही. नुसतं "इच्छा आहे" नको. ठणकावून लिही की तुमचा काटा खोटा आहे.

मामी म्हणते, आधी वजनं ठेवून बघू दे, मग ठणकावू दे. तिला या धंद्यातलं काय कळतंय?

मामा

*

वसतिगृह
२६ ऑगस्ट

मामा,

मामींना सगळं कळतं.

मी पत्र लिहिलं. समाजवैद्यक विभागाच्या प्रमुखांना, कारण जन्मांच्या नोंदी त्यांच्याकडे जातात. त्यांना मुलं 'मग काय मॅडम' म्हणतात. तुम्ही काहीही सांगा, त्या चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "मग काय?" तीन वर्षांत त्यांनी एकही विद्यार्थी घेतलेला नाही. मी लिहिलं, "आपल्या रुग्णालयातील काटा सदोष असून त्याचे कारण मला ठाऊक आहे." दुसऱ्या दिवशी चपराशी वर्गात आला. "काट्यावाली कोण?"

प्रसूती विभागात मॅडम, बालरोगचे दोन सर, मोठ्या सिस्टर आणि मी. मी पेटी उघडली. चिमट्याने वजनं ठेवली. दोन किलो चारशे साठ. मॅडमनी स्वतः सरकतं वजन हलवलं. काटा दोन किलो चारशे साठवर उभा राहिला. मग दोन पाचशे तीस. बरोबर. दोन दोनशे नव्वद. बरोबर. मामा, सोळा वेळा. खाचा लख्ख होत्या, मोठ्या सिस्टर दर रविवारी स्वतः कापडाने पुसतात म्हणे. एक सर दुसऱ्यांना म्हणाले, "चला, निदान काटा तपासून झाला." आणि हसले.

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काटा बरोबर आहे. मग तुझे आकडे तसे का?"

मी "सॉरी मॅडम," म्हटलं आणि बाहेर पडले. जिना उतरल्यावर कळलं, की तुझी पेटी तिथेच राहिली.

आता पुरे. परीक्षा जवळ आली आहे. सही-बिही काही नको मला. तुझ्यावर राग नाही, मीच न बघता लिहिलं.

मापटं

*

दुकान
३० ऑगस्ट

मापटं,

चूक माझी. तू 'माजी भागीदार' लिहिलंस आणि मी पुढचा विचारच केला नाही. सात वर्षांचा राग होता, तो तुझ्या प्रस्तावात ओतला. यालाच मी दुसऱ्याला नावं ठेवत होतो. काल त्याला पोस्टकार्ड टाकलं: "तुझा काटा सोळा वेळा बरोबर निघाला. तुझी देखभाल चांगली आहे. मी उगाच बोललो." मामीने ते तीनदा वाचायला मागितलं.

आता माझं ऐक. या वेळी धंद्याचं सांगत नाही, कानाचं सांगतो. तीस वर्षं काउंटरच्या मागे उभा आहे. माणूस काय म्हणतो त्यापेक्षा वाक्य कुठे संपवतो ते मी ऐकतो. ज्याला नको असतं तो म्हणतो, "बरं, बघू." तुझे ते सर म्हणाले, "चला." चला म्हणजे विषय संपला. आणि बाई काय म्हणाल्या? "मग तुझे आकडे तसे का?" काट्याचे आकडे नाही, वहीचे आकडे नाही. तुझे आकडे. हाकलणारा माणूस असा प्रश्न विचारत नाही, मापटं. तो दार दाखवतो. त्यांनी तुला प्रश्न दिला आणि तू तो तिथेच टाकून जिना उतरलीस.

पेटी राहिली ते बरंच झालं. ती आणायला जावंच लागेल. माझी वजनं आहेत, मला हवी आहेत. अर्जंट.

(इतकी अर्जंट नाहीत. पण तू जा.)

मामा

*

वसतिगृह
१९ सप्टेंबर

मामा,

तीन आठवडे पत्र नाही म्हणून रागावला असशील. वेळच नव्हता. वाच.

मॅडमच्या खोलीत गेले. टेबलावर कागदांचा ढीग, त्यावर तुझी पेटी. मी म्हटलं, "मॅडम, माझी वजनं..." त्या म्हणाल्या, "आठवडाभर वाट बघतेय. मला वाटलं, आकडेही विसरलीस." मग माझी वही मागितली. अर्धा तास पानं उलटत राहिल्या. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी. शेवटी म्हणाल्या, "उतरवलंयस नीट. आता विचारायला जाऊ नकोस. विचारलं की लोक बरोबर तेच सांगतात. प्रसूती विभागात जाऊन बस. गप्प. दहा दिवस. काट्यावर दिसेल ते स्वतःच्या वहीत लिही आणि त्यांच्या वहीशी ताडून बघ."

बसले. काट्याजवळच्या कोपऱ्यात, कापसाच्या पेटीवर. पहिल्या दिवशी सिस्टर मला बघून नीट एकेक ग्रॅम लिहीत होत्या. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवसापर्यंत मी त्यांच्यासाठी भिंत झाले.

आणि मग ऐकू आलं, मामा. काटा एका टोकाला, वही दुसऱ्या टोकाला, दारापाशी टेबलावर. एक सिस्टर बाळ काट्यावर ठेवते. बाळ किंचाळतंय, आई विचारतेय मुलगा की मुलगी, शेजारच्या खाटेवर दुसरी बाई अडली आहे. सिस्टरचा एक हात बाळावर, दुसरा सरकत्या वजनावर. ती काट्याकडे बघते, दोन चारशे साठ. आणि दाराकडे ओरडते, "अडीच!" तिथली सिस्टर लिहिते, दोन हजार पाचशे. पुढचं बाळ दोन दोनशे साठ. "सव्वादोन!" पुढचं दोन सातशे वीस. "पावणेतीन!"

खाचा काट्यात नव्हत्याच. आपल्या बोलण्यात होत्या. कुठल्या माउलीने दोन किलो चारशे साठ असं कधी मोठ्याने म्हटलंय? तू तरी दुकानात म्हणतोस का?

नववा दिवस संपला तेव्हा माझ्या वहीत अठ्ठावन्न बाळं होती. त्यांच्या वहीत बरोबर अडीच लिहिलेली नऊ. त्यांतली पाच खरी अडीचच्या आतली. पाच, मामा. त्यांतली तीन घरी पोचली होती. मी मोठ्या सिस्टरना यादी दाखवली. मला वाटलं, आता मार खाते. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "पोरी, एक हात बाळावर असतो, एक काट्यावर गं. मोकळं फक्त तोंड असतं." मग उठल्या आणि तिन्ही घरी निरोप धाडले. सगळी बाळं तपासून झाली. एक गार पडायला लागलं होतं, ते परत दाखल आहे. आता दूध ओढतंय.

हे सगळं मॅडमना सांगितलं. त्या काय म्हणाल्या असतील, ओळख.

"मग काय?"

मी म्हटलं, "मग वही उचलून काट्याजवळ ठेवायची. लिहिणारीनेच काटा बघायचा. मध्ये बोलायचं कुणीच नाही. तीन महिने तसं करायचं आणि गर्दी मोडते का बघायचं."

त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "एका पानात लिहून आण. अवघड शब्द दिसला तर परत पाठवीन." तीनदा परत पाठवलंय. उरलेत अकरा दिवस.

मापटं

*

दुकान
२३ सप्टेंबर

मापटं,

पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. दोन गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. तेवढ्यात एक बाई धान्याची पिशवी वजन करून घ्यायला आली. मी काट्याकडे बघून सवयीने म्हणालो, "ताई, सव्वातीन." मामी आतून ओरडली, "खरं किती ते सांग!" बघितलं तर तीन किलो एकशे ऐंशी. तीस वर्षं काटे सरळ करतोय आणि तोंडातच पासंग, काट्यातली खोट, घेऊन बसलोय!

तीनदा परत आलं म्हणजे तीनदा वाचलं. चौथ्यांदा लिही. तेवीस जणांनी एकदाही वाचलं नव्हतं, हे विसरू नकोस. आणि मोठ्या सिस्टरचं नाव त्यात घाल. घर त्यांचं आहे, आपण पाहुणे.

मामा

*

वसतिगृह
२९ सप्टेंबर

मामा! मामी! सही झाली!

सातव्या खेपेला. सिस्टरचं नाव आधीच घातलेलं होतं, तुझं पत्र नंतर आलं. मॅडमनी पान वाचलं, पेन उघडलं, आणि सही करण्याआधी म्हणाल्या, "तीन वर्षं मी कुणाला घेतलं नाही, ठाऊक आहे ना? लोक येतात, 'कुठलाही विषय द्या मॅडम' म्हणतात. मी विषय देत नसते. तू चुकीचं उत्तर घेऊन आलीस, पण प्रश्न तुझा होता." मग म्हणाल्या, "दर सोमवारी आठ वाजता. पाच मिनिटं उशीर झाला तर येऊ नकोस."

जिना कसा उतरले आठवत नाही. बहुतेक उतरलेच नाही, खाली आपोआप पोचले.

मापटं

*

दुकान
२१ फेब्रुवारी

मापटं,

काल परिषदेतून परतलो. तू तिथेच अडकलीस, म्हणून तुला जे दिसलं नाही तेवढं लिहितो.

तू मंचावर गेलीस तेव्हा मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. मामीने माझा हात असा दाबला, की अजून हिरवानिळा आहे. तू पहिला तक्ता दाखवलास, अडीचवरचा तो मनोरा, आणि नंतर तीन महिन्यांचा दुसरा. मनोरा गेलेला, त्या जागी छान गोल टेकडी. आणि तू म्हणालीस, "या तीन महिन्यांत अडतीस बाळं अशी होती, जी आधीच्या पद्धतीने घरी गेली असती."  मोठ्या सिस्टर पुढच्या रांगेत ताठ बसल्या होत्या, जणू अडतीसही त्यांचीच.

मग ते टक्कलवाले तज्ज्ञ उठले आणि म्हणाले, काट्यातच दोष नव्हता हे कशावरून? मी खुर्चीतून अर्धा उठलोच. तू शांतपणे म्हणालीस, "कारण पहिल्यांदा मीच तो दोष काढला होता, सर, आणि सोळा वेळा तोंडघशी पडले." हशा झाला. मग टाळ्या झाल्या. टाळ्या मला ओळखता येतात, मापटं. काही टाळ्या हात गरम करायला असतात. या तशा नव्हत्या.

जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे दोन प्राध्यापक उभे होते. एकजण म्हणाले, "ही मुलगी कुणाकडची?" दुसरे म्हणाले, "समाजवैद्यकच्या बाईंकडची. नशीबवान आहे." पहिले म्हणाले, "कोण, मुलगी?" दुसरे म्हणाले, "बाई." मग वाढून घेत म्हणाले, "मला आली होती हिची ईमेल." मी ताट घेतलं आणि दुप्पट जेवलो.

वंगण्याही आला होता. निमंत्रण मीच दिलं होतं. कित्येक वर्षांनी शेजारी बसलो. तुझ्या दुसऱ्या तक्त्याला तो कानाशी पुटपुटला, "काटा माझा आहे बरं का." मी म्हटलं, "पोरगी माझी आहे." दोघेही खूश.

आता शेवटचं. पहिलं पारितोषिक तुझं, हे जाहीर झाल्यावर मी तुला न्यायला पुढे आलो. गाडी साडेपाचची होती, मामीने डबा बांधला होता, पिशवी माझ्या हातात होती. तेवढ्यात तुझ्या मॅडम मध्ये आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही मामा ना? हिला आज नेऊ नका. सहा रुग्णालयांचे लोक आलेत, त्यांना हेच त्यांच्याकडे करायचंय. मला हिची ओळख करून द्यायची आहे." आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवून त्या तुला गर्दीत घेऊन गेल्या. "हिला भेटा," म्हणत होत्या. "ही माझी विद्यार्थिनी." तुझ्या आईनंतर आणि माझ्यानंतर तुला 'माझी' म्हणणारं पहिलंच माणूस.

मी पिशवी घेऊन दारापाशी थांबलो. तू एकेकाशी बोलत पुढे पुढे गेलीस. एकदाही वळून बघितलं नाहीस.

फार बरं वाटलं.

मामा